एका वर्षाने तरुण

जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकातून आत शिरताना कुलूपताईला आधी दिसली ती म्हातारी. गॅसच्या खोलीसमोरच्या बाकावर बसली होती, मुलाच्या डब्याची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. गेल्या आठवड्यात याच खोलीत क्लोरीनची टाकी गळली आणि तिचा मुलगा गेला. तेव्हापासून ती रोज येऊन बसते आणि जो दिसेल त्याला एकच प्रश्न विचारते.

"बाई, तू ऑफिसातली ना? खरं सांग. माझा मुलगा झोपला होता का गं?"

कुलूपताईनं मान खाली घातली आणि ती आत सटकली.

कुलूपताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सगळ्या केंद्रांवरची यंत्रं मुख्य कार्यालयाशी ज्या सुरक्षित लाइनवरून बोलतात, ती लाइन राखणं हे तिचं काम. गुप्त किल्ल्या, सर्टिफिकेटं, कोणी कोणाला ओळखायचं आणि कोणाला नाही, हे सगळं तिच्या हातात. म्हणून हे नाव पडलं, आणि पाडलं होतं त्या म्हातारीच्या मुलानंच. त्याला सगळे घड्याळराव म्हणायचे. पाळीवर यायला त्याला कधी मिनिटाचा उशीर झाला नाही, आणि दुसऱ्याला झाला की तो चार शब्द ऐकवल्याशिवाय राहत नसे. असा माणूस कामावर झोपला, हे कोणाला पटायचं? पण मेलेला माणूस उलटून बोलत नाही. त्याच्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं.

"हे बघा मॅडम," आत केंद्राचे साहेब म्हणाले, "गॅस सुटला की लाल बटण दाबायचं. मुख्य कार्यालयात घंटा वाजते, गॅसचे मुखवटे घातलेली बचाव टोळी निघते. घंटा वाजलीच नाही. म्हणजे यानं बटण दाबलंच नाही. जाग आली तेव्हा धावला असेल आत. लाइन चालू होती, एवढं तुम्ही सांगा आणि मोकळ्या व्हा."

साहेबांना कसली घाई होती ते दिसतच होतं. अहवाल एकदा वर गेला की त्यांनी हात झटकले.

कुलूपताई यंत्रापुढे बसली. दोन्ही टोकांची एन्क्रिप्शनची सेटिंगं तिनं ताडून पाहिली. जुळत होती. लाइन हिरवी. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासलं जात होतं आणि पासही होत होतं. सगळं कसं आलबेल.

"बघा, हिरवंगार आहे!" साहेब मागून म्हणाले.

तिथंच तिला खटकलं. हिरवं कसं असेल? इतर केंद्रं नव्या सर्व्हरवर गेली होती. जुन्यावर हे एकच उरलं होतं. त्या जुन्याच्या सर्टिफिकेटची मुदत केव्हाच संपली होती. नवं द्यायचं काम तिच्याकडेच होतं, आणि आज करू, उद्या करू म्हणत ते राहून गेलं होतं. ओळखपत्र शिळं आणि पहारेकरी म्हणतोय, या, आत या.

तिनं यंत्राची तारीख उघडली. गेल्या वर्षाची होती.

आणि मग तिला तो फोन आठवला. घड्याळरावाचा, अपघाताच्या आधीचा. लाइन तुटली होती, पडद्यावर लाल अक्षरं आली होती. ती दुसऱ्याच कुठल्या भानगडीत अडकलेली.

"घड्याळ एक वर्ष मागे घ्या," ती म्हणाली होती. "यंत्राला वाटेल मुदत बाकी आहे. दोन दिवसांपुरतं. मी नवं सर्टिफिकेट टाकते."

"घड्याळ खोटं लावायचं, ताई? मी?"

"वेळ मारून न्यायचीय हो."

तो हसला होता. "बरंय. एका वर्षानं तरुण झालो म्हणायचं."

तिनं फोन ठेवला आणि ती विसरून गेली. इतकं साधं होतं ते.

तिनं लाल बटण दाबलं. मुख्य कार्यालयात फोन लावला. "घंटा वाजली?"

"नाही, ताई."

"जुन्या निरोपांचा कप्पा उघडा. बटणाच्या निरोपावर यंत्राचीच तारीख पडते, आणि तारीख शिळी असली की निरोप तिकडे जातात, घंटा न वाजवता."

पलीकडे कळफलक खडखडला. "एक आत्ताच पडलाय. गेल्या वर्षाच्या तारखेचा. त्याच्याखाली आणखी आहेत, ताई. तारखा तशाच, पण आलेत गेल्या आठवड्यात. एकामागोमाग एक. खूप आहेत."

म्हणजे तो दाबत राहिला होता. त्याचा मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. टाकी धुणारी माणसं खालच्या पाण्याच्या टाकीत उतरलेली, आणि हा गॅस खाली खाली जाणारा. त्यानं टोळीची वाट पाहिली असेल, दाराकडे पाहिलं असेल, पुन्हा दाबलं असेल. मग तोंडाला फडकं बांधून तो गॅसची झडप बंद करायला आत गेला. झडप बंद झाली. खालची माणसं वाचली. वाचलेल्यांपैकीसुद्धा कोणी म्हणालं होतं, झोपला असेल बिचारा.

"लाइन चालू होती ना?" साहेबांनी विचारलं.

होती. अगदी खरं होतं ते. तेवढंच बोलून ती उठली असती तर तिला कोणी काही विचारलं नसतं. तिला तसं उठावंसं वाटलंही. मग तिनं घड्याळ बरोबर लावलं. पडदा लाल झाला, लाइन तुटली.

"अहो, हे काय केलंत?"

"चालू होती ती माझ्या खोटेपणावर, साहेब. तसंच लिहा. माझ्या नावानिशी लिहा."

ती बाहेर बाकावर म्हातारीशेजारी जाऊन बसली. "आई, तो झोपला नव्हता. पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण यंत्राचं घड्याळ मागे होतं. ते मी मागे घ्यायला लावलं होतं."

म्हातारीनं पिशवीच्या बंदाला नुसताच पीळ दिला. "जागा होता," ती स्वतःशीच म्हणाली. डोळे पुसले. मग म्हणाली.

"घरी येऊन सांगितलं होतं त्यानं. आई, मी तरुण झालो म्हणाला. मी म्हटलं, अरे, खोटं घड्याळ लावून काही बिघडलं म्हणजे? नीट विचारून तरी घे. तर म्हणाला, ताईंनी सांगितलंय, त्यात काय तपासायचं?"

ती रागावली असती तर कुलूपताईला सोसलं असतं. पण ती नुसती सांगत होती.

"आता वाजते का गं ती घंटा?"

"अजून नाही, आई," कुलूपताई म्हणाली.

"मग इथं काय बसलीस?" म्हातारी म्हणाली. "आत कोणाचा तरी मुलगा कामावर आहे."