पुडीवरचा पत्ता

जाईबाईनं आयुष्यात पहिल्यांदा जे मनानं लिहिलं, ते पाटीवर नव्हतं की वहीत नव्हतं. ते होतं येसराच्या पुडीवर.

साक्षरतेचे वर्ग धारूरला भरायला लागले तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. बाकीच्या बाया कमळ आणि बदक गिरवत बसायच्या. जाईबाईला बदकाशी काय करायचं होतं? धारूरच्या डोंगरात बदक पाहिलं होतं कुणी? तिनं शिकवणाऱ्या पोरीला धरलं आणि धने कसे लिहायचे, जिरं कसं, खोबरं कसं, असं एकेक करत अख्खा येसर अक्षरांत उतरवून घेतला. दगडफुलाला चार दिवस लागले.

येसर म्हणजे लग्नाच्या आमटीचा जीव. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात मसाला आणि लाल मिरची घालून दळायची, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. साऱ्या पंगतीला पुरून उरते अशी आमटी होते. जाईबाईच्या हातचा येसर तिच्या सासूच्याही वरताण होता, असं सासूच म्हणायची, आणि ती बाई सहजासहजी कुणाला चांगलं म्हणणारी नव्हती.

पूर्वी हा येसर राधाकिशनशेठच्या किराणा दुकानातून जायचा. शेठ कोऱ्या पुड्या विकायचा आणि कुणी विचारलंच तर ‘घरगुती हाय’ म्हणायचा. कुणाच्या घरचा, ते सांगत नसे. लिहिता यायला लागलं तशी जाईबाई स्वतः आठवडी बाजारात बसली. प्रत्येक पुडीवर तिच्या वळणदार, जरा तिरक्या अक्षरात सगळं असायचं: काय काय घातलंय, कोणत्या वारी दळलंय, आणि खाली, जाईबाई, भीमनगर, धारूर. एका साली तर तिनं लिहिलं, ‘अवंदा खोबरं कमी हाय, महाग झालंय.’ पुडी देण्याआधी गिऱ्हाइकासमोर चिमूटभर येसर स्वतःच्या तोंडात टाकायची तिची रीत होती. सासूची रीत, तिच्याही सासूची. देणाऱ्यानं आधी खायचं.

भीमनगर म्हटलं की धारूरात पुढचं काही सांगावं लागत नाही. छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं धम्मात आलेली घरं तिथली. पत्ता लिहिलेली पुडी आली आणि पहिले दोन बाजार जाईबाई पुड्या टोपलीत परत घेऊन आली. तिसऱ्या बाजाराला मात्र बाया आल्या. मधल्या काळात दुसऱ्या येसरावर दोन लग्नं झाली होती आणि दोन्हीकडं आमटी पानात तशीच उरली होती.

सत्त्याण्णव साल उजाडलं तोवर कंपन्या गावोगाव फिरायला लागल्या होत्या. शॅम्पू पुडीत आला, रस्त्याकडच्या भिंती साबणाच्या जाहिरातींनी रंगल्या. ‘अन्नवैभव’ नावाच्या कंपनीचा अमरनाथ नावाचा साहेब मोटरसायकलवरून धारूरला आला तो राधाकिशनशेठच्या दुकानात, आणि शेठ त्याला घेऊन भीमनगरात. पोरगा बीडचाच, गळ्यात टाय, बोलायला गोड. जाईबाईनं प्रमाण ठरवायचं, दहा बायांना हाताशी घ्यायचं, शेठच्या गोदामामागच्या शेडमध्ये माल करायचा. कंपनी पुड्या भरणार, छापणार, विकणार. नारायणगडाच्या जत्रेत पहिला माल लावायचा आणि खपला तर वर्षाचा करार. सही तिथंच.

दहा बाया म्हणजे दहा घरं. ताराबाईचा नवरा दोन वर्षं खाटेवर होता, ती सगळ्यांत आधी तयार झाली. पंधरा दिवस शेडमध्ये मिरचीचा खकाणा आणि हसणं, दोन्ही उडत होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी गडाखाली तंबू लागला आणि छापील पुड्यांचं पहिलं खोकं फुटलं. जाईबाईनं एक पुडी हातात घेतली. गुळगुळीत, चकचकीत, कागदासारखी वाटतच नव्हती. वर एक गोरीपान बाई, नाकात एवढी मोठी नथ, वाड्याच्या ओसरीत झोपाळ्यावर बसलेली. जाईबाईनं अक्षरांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“वा-ड्या-व-र-चा येसर. पाटलीणबाईंची सात पिढ्यांची चव. जात्यावर दळलेला.”

वाचून झालं तरी तिचं बोट तिथंच होतं.

“साहेब, ही बाई कोण?”

अमरनाथ म्हणाला, मॉडेल आहे, पुण्याची.

“तिला येसर येतो का?”

मागं दोघी-तिघी फिसकन हसल्या. अमरनाथही हसला, आणि मग समजुतीनं सांगायला बसला. शहरातल्या माणसाला गावाची आठवण विकत घ्यायची असते. वाडा म्हटलं की त्याला आजी आठवते, जातं म्हटलं की पहाट आठवते. चव म्हणजे भावना, आणि भावनेला खरं-खोटं नसतं. सगळ्या कंपन्या असंच करतात, आणि पुडीतला माल तर एक नंबर आहे, मग गिऱ्हाइकाचं नुकसान काय?

जाईबाईनं सगळं ऐकून घेतलं. गिरणीत दळलेल्याला जात्यावर दळलेलं म्हणणं हे तर सरळ खोटं होतं. ते त्यानंही लगेच मान्य केलं, पुढच्या छपाईत काढू म्हणाला. तिला टोचत होतं ते दुसरंच.

“झोपाळ्यावर माझं चित्र कावून न्हाई?”

अमरनाथ टायशी चाळा करायला लागला. उत्तर राधाकिशनशेठनं दिलं, आवाज खाली करून, जणू तिच्याच भल्याचं सांगतोय असं. “जाईबाई, तुमाला ठाऊक हाय की. लोकं घ्यायची न्हाईत.”

“तुमी घेतला की, शेठजी. वीस वर्सं.”

शेठला एकदम खोकी मोजायची आठवण झाली.

अमरनाथ वाईट माणूस नव्हता; जाईबाईला माणूस कळायचा. तो म्हणाला, मावशी, आम्ही तुमच्याबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही, फक्त काही गोष्टी लिहिल्या नाहीत. त्यावर जाईबाई जे बोलली ते पुढं भीमनगरात बरेच दिवस घोळलं.

“सायेब, वाडा लिवला तो मला झाकाया लिवला. मंग तितलं एकूणएक अक्षर खरं असलं तरी त्याचं मी काय करू?”

करार अजून अमरनाथच्या खिशात, दिवस वर आलेला, माणसं गड चढायला लागलेली. ताराबाईनं तिचा दंड धरून तिला तंबूमागं ओढलं. ताराबाई म्हणाली की आक्का, आजचा दिवस गप बस. चित्र काय, चित्र आज हाय उद्या न्हाई, माझ्या चुलीचं बघ. ताराबाईचं काहीच चुकीचं नव्हतं. जाईबाई पडद्यामागं जाऊन पोत्यावर बसली. पुढं कंपनीनं आणलेली कॉलेजातली पोर, स्वप्नाली, नथ घालून पुड्या पुढं करत होती.

कंपनीनं सगळा विचार केला होता, एक सोडून. येसर घेणारी बाई नुसती पुडी घेत नाही. ती उलटतपासणी घेते.

पहिलीच बाई आली ती माजलगावकडची. हिच्यात बाजरी किती, गहू किती, असं विचारलं. स्वप्नालीनं पुडी उलटसुलट केली. पुडीवर पाटलीणबाई होत्या, बाजरी नव्हती. दुसरीनं विचारलं, दगडफूल हाय का, आमच्याकडं त्याबिगर चालत न्हाई. तिसरी म्हणाली, पोरी, आधी तू खाऊन दाव की. स्वप्नालीनं चिमूट तोंडात टाकली आणि तिला असा ठसका लागला की नथ हातात आली. बाया हसत पुढच्या तंबूकडं वळल्या.

पडद्यामागून जाईबाईला हे सगळं ऐकू येत होतं. तिची बोटं आपोआप चोळली जात होती. ती ताराबाईकडं पाहत राहिली. ताराबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग पाठ फिरवून जाणाऱ्या बायांकडं पाहिलं, आणि पडद्याची कड स्वतःच वर धरली.

“जा बाई. तुझं तू कर.”

जाईबाई बाहेर आली, पुडी फोडली, चिमूट तोंडात टाकली आणि माजलगावच्या बाईला हाक मारली. गव्हाच्या निम्मी बाजरी, दगडफूल हाय, मिरची अवंदा झणझणीत हाय, जरा हात राखून घाला. बाई परतली, तिच्यामागं बाकीच्याही. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “अगं, ही तर धारूरची जाईबाई! मावशी, तुमच्या हातची अक्षरं कुठं हायत हिच्यावर?” ती केजला दिलेली धारूरची लेक होती, तिच्या लग्नात येसर जाईबाईचाच होता.

जाईबाईनं अमरनाथच्या खिशातला पेन मागितला. पुडी पालथी केली, कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं, गिरणीसकट, पत्त्यासकट, आणि दिली. दुसरीनं तशीच मागितली. तिसरीनंही. दुपारपर्यंत बोटं आखडली तेव्हा तिच्याच वर्गात शिकलेली बायनाबाई लिहायला बसली, ती मात्रा जास्त द्यायची, पण कुणी तक्रार केली नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. जरीच्या पदराची एक बाई पुडी घेऊन पैसे काढता काढता थांबली, खालची ओळ वाचली, आणि पुडी हळूच जागेवर ठेवून निघून गेली. जाईबाईनं ती पुडी उचलली, पदरानं पुसली आणि ढिगावर सगळ्यांत वर ठेवली. मान तिनं खाली घातली नाही. स्वप्नाली तिच्याकडं बघत होती. थोड्या वेळानं त्या पोरीनं पुन्हा घातलेली नथ काढून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी खोकी रिकामी झाल्यावर अमरनाथ करार घेऊन बसला. त्यालाही आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. मावशी, मी साहेबांना सांगतो, झोपाळा काढू, तुमचं नाव घालू, ठळक अक्षरात: ‘जाईबाईंचा येसर’. फक्त पत्ता तेवढा कंपनीचा राहू द्या. जाईबाई काय, कुठल्याही वस्तीतली असू शकते.

“म्हंजे नाव ठेवायचं आन् मला पुसायचं,” जाईबाई म्हणाली.

अमरनाथ म्हणाला, एका ओळीसाठी वर्षाचं काम घालवू नका.

जाईबाईनं पेन खाली ठेवला. पण ह्या वेळी ती एकटी उत्तर देणार नव्हती. दहा घरांचा सवाल होता. ती मागं वळली आणि बायांना विचारलं, काय लिवू? गडावरच्या टाळांचा आवाज खाली येत होता. मग ताराबाई उठली, सकाळी जिनं दंड धरला होता तीच.

“सायेब, माझंबी घर तितंच हाय,” ती म्हणाली. “पुडीत काय वंगाळ निघालं तर मान्सानं भांडाया यायचं कुटं? झोपाळ्यावर?”

अमरनाथला हसू आवरेना. बाया हसल्या, शेठसुद्धा हसला. मग पोरानं कराराचा कागद मांडीवर घेतला, एक ओळ खोडली, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: बनवणार जाईबाई व दहा जणी, भीमनगर, धारूर. वरून ओरडा बसला तर बसू दे, म्हणाला; आज किती खोकी गेली ते मी त्यांना सांगेन. जाईबाईनं आधी ती ओळ दोनदा वाचली, मग सही केली. सहीला वेळ लागला. तिला घाई नव्हती.

नव्या पुड्या दोन महिन्यांनी छापून आल्या. तिचं चित्र कंपनीनं काही घातलं नाही. एक लाल मिरची काढली होती. पण ‘गिरणीत दळलेला’ होतं, आणि पत्ता होता, मोहरीएवढ्या अक्षरात का होईना.

पावसाळ्याच्या तोंडाशी पोस्टमन भीमनगरात शिरला आणि जाईबाईचं घर विचारत आला. परभणीच्या कुणा साखराबाईंचं पोस्टकार्ड होतं. लिहिलं होतं की येसर चांगला आहे, पण ह्या खेपेला धने कमी पडलेत, लक्ष द्यावं.

जाईबाईनं ते कार्ड ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. शेजारणी गोळा झाल्या. बायनाबाई रागावली, दुनियेला आमटी करता येत नाही आणि नावं ठेवतात, म्हणाली. जाईबाईचा चेहरा मात्र असा फुलला होता की एखाद्याला वाटावं, बक्षीस लागलंय. परभणीहून एक अनोळखी बाई तिच्याशी भांडायला आली होती, नावगाव विचारून, थेट तिच्या दारी.

तिनं पोतं उघडलं, धन्यांची मूठ नाकाशी धरली आणि मान डोलावली. साखराबाईंचं खरं होतं, ह्या धन्यांना वासच कमी होता. मग पोस्टमनला थांबायला सांगून ती कोरं कार्ड शोधायला आत गेली.