दगड पचवणारा भुजंग

येलदरीकडच्या त्या गावात भुजंगासारखं पोट दुसरं न्हवतं. अंगानं काडीपैलवान, पण एका लग्नात गुळवणी पिला ती अशी, की तळ हाय का गळाला म्हणून आचारी कढईत उतरून चाचपून आला. खोटं वाटत असंल तर त्या कढईलाच इचारा! त्याच्या बायकोचा, नर्मदाबाईचा ऊर भरून यायचा. "आमचे मालक दगड पचवतेत," असं बायांना सांगायची, अन् घरी वाटीवर वाटी ओतायची.

मग भुजंगाच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, अन् ती जखम चार महिने झाले तरी भरंना. परभणीच्या दवाखान्यात तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. भुजंगानं एका दमात संपवलं.

"एवढंच? डाक्टरीणबाई, पैज लावायची तर बादली आणा."

दोन तासांनी रगत घेतलं. डॉक्टरीणबाईनं कागद बघितला, मग भुजंगाच्या बरगड्या.

"काका, शुगर फार चढलीय."

"वाळल्या माणसाला कशाची शुगर? ती जाड्यांची बिमारी."

"आपल्या लोकांना बारीक अंगातही होते. सगळ्या मुलखांची पोटं सारखी नसतात. काहींचं पोट लवकर रिकामं होतं, गोड लगेच रक्तात उतरतं. पाय वाचवायचा तर गूळ बंद."

नर्मदाबाईनं इचारलं, "म्हंजी, भराभर पचतं ते चांगलं न्हाई?"

"नाही, मावशी."

घरी येताच तिनं गुळाचा डबा शेजारच्या बायनाबाईकडं नेऊन ठेवला.

पोळ्याला बैलांपुढं पुरणपोळी अन् गुळवणी आली. भुजंग उंबऱ्यावर पाय लांब करून बसलेला.

"नर्मदे, एकच वाटी. बैलालाबी मिळायली."

"बैलाला शुगर न्हाई."

"मग पुढच्या जल्मी बैलच होतो की!" तो हसला. तिनं वाटी दिली न्हाई.

जखम वर चढली. दिवाळीनंतर पाय कापला. माघात माणूसच गेला. डबा बायनाबाईकडंच ऱ्हायला.

चैतात गाय व्याली. गोऱ्हा झाला, बरगड्या मोजाव्यात असा वाळका, पण गायीला सडात दूध ठिवू देईना. पुढच्या पोळ्याला नर्मदाबाई बायनाबाईकडून डबा घेऊन आली. बैलांचं झालं. मग वाटीभर गुळवणी घेऊन ती गोऱ्ह्यापुढं बसली. त्यानं वाटीत तोंड घातलं अन् भराभरा ओढायला लागला.

नर्मदाबाईनं पदर डोळ्याला लावला, इकडंतिकडं बघितलं, अन् त्याच्या कानाशी वाकली.

"हळू प्या, मालक. हळू."