एकदाच दाबलेला ब्रेक

न विचारता कुणी मला सल्ला दिला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ही नोकरीतली खोड. पस्तीस वर्षं मी कारखान्यात लेथवर काढली आणि केसाएवढा फरकही नुसत्या बोटाने ओळखायचो. त्यामुळे निवृत्त झाल्यावर गाडीचे पुढचे ब्रेक घरीच बदलायचे ठरवले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गॅरेजला देऊ या ना," आणि मी तिच्याकडे असं बघितलं की तिने तो विषयच सोडला.

मागवलेला संच गाडीच्या कंपनीचा नव्हता, बाहेरच्या कुणीतरी बनवलेला होता. कंपनीवाले नुसत्या नावाचे पैसे घेतात हे माझं ठाम मत. दोन खोकी आली. प्रत्येकात चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला घासणारे पॅड आणि कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा लोखंडी पंजा. सोबत एक कागद होता, तो मी चहाच्या कपाखाली ठेवला. कॅलिपरवर डावा, उजवा अशा चिकटपट्ट्या होत्या. पेट्रोलने पुसताना त्याही काढून टाकल्या. डावं-उजवं कळायला मला चिकटपट्टी लागते का, असा माझा तोरा.

बसवताना ब्रेकच्या तेलाचा पाईप सरळ बसेना. थोडा पिळला, मग बसला.

पहिल्या दिवसापासून कुरकुर सुरू झाली. आधी ब्रेक किंचाळायचे. मी पॅडच्या कडा कानशीने घासल्या, मागे ग्रीस लावलं, आवाज गेला. मग गाडी डावीकडे ओढायला लागली. कॅलिपरची एक पिन ग्रीसशिवाय सुकी राहिली होती, तीही सापडली. शेजाऱ्यांना मी ही कहाणी दोन-दोनदा ऐकवली. आणि मग बायको म्हणाली, "अहो, ब्रेक दाबला की पाय खोल जातो."

गाडी खरं तर तीच जास्त चालवायची. पन्नाशी उलटल्यावर रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकली आणि पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाली. दर गुरुवारी ती तिच्या मोठ्या बहिणीकडे जायची. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या. गुडघे कामातून गेलेले, बसची पायरी चढता यायची नाही. ही त्यांना पुढच्या सीटवर बसवून तळ्याकाठी न्यायची, काचा खाली करून दोघी तासभर गप्पा मारत बसायच्या. काय बोलायच्या देव जाणे. घरी आल्यावरही ही गालातल्या गालात हसत असायची.

पाय खोल जातो म्हणजे तेलात हवा राहिली. हे मलाही कळत होतं. हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि एक चाकाशी बसून छोटा नट उघडायला. ही सीटवर बसली, मी फरशीवर.

"तीनदा दाब. आता धरून ठेव."

मी नट सोडला, तेल आलं, हवेचा एक बुडबुडा आला, नट आवळला. असं चार रविवार केलं. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "तीनदा दाबलं की कडक लागतं हो. पण पहिल्यांदा दाबते तेव्हा मऊच लागतं."

"शेवटी कडक लागतं ना?"

"हो, पण पहिल्यांदा..."

"मग झालं. तुझा पायच हलका आहे."

तिने आजार नेमका सांगितला होता. इतका नेमका मला कुठल्याच मेकॅनिकने सांगितला नसता. आणि मी हात पुसून वर पेपर वाचायला गेलो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिची शंका फिटावी म्हणून मी स्वतः गाडी चालवून बघितली. उतार, चढ, बाजारातली गर्दी. गाडी जागच्या जागी उभी राहायची. "बघ," मी म्हणालो, आणि तिने बघितलं.

महिन्याभराने ताईंना परत सोडताना त्यांच्या फाटकाजवळ ती झाडांच्या कट्ट्याला धडकली. वेग चालण्याइतकाच. बंपर फुटला आणि ताईंच्या कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच. पण मी रिक्षाने पोचलो तो रागाने धुमसतच. आजूबाजूचे चार लोक गॅलरीत उभे होते. त्यांच्यादेखत मी विचारलं, "पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर, तेवढं तरी आठवतंय का?"

"ब्रेकवरच होता. मी दाबला होता."

"दाबला असतास तर थांबली नसती का?"

ताई पायरीवर बसल्या होत्या, कपाळाला ओला रुमाल. त्या काहीतरी म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्याच गाडीत बसलो, त्याच ब्रेकवर तिला घरी आणलं, आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला गाडी कशी छान थांबते हे तिला दाखवत आलो. घरी आल्यावर तिने किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर तिने किल्लीला हात लावला नाही.

गुरुवारी मी तिला न्यायला लागलो. दोनच गुरुवार गेलो. मी असलो की त्या दोघींना बोलायला सुचेना, तिघं तळ्याकडे बघत बसलो. मग कधी माझी कंबर, कधी बँकेचं काम. ही दोन बस बदलून जायची, पण ताईंना बाहेर कोण काढणार? वर्षभर त्या खिडकीत बसून राहिल्या आणि मग त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं, रेल्वेने एक दिवस लागतो इतक्या लांब. घर विकलं. आता दोघी फोनवर बोलतात. फोन ठेवल्यावर ही हसत नाही.

हे सगळं उलगडलं ते गेल्या महिन्यात. पॅड झिजले होते, मला खाली बसवत नव्हतं, म्हणून नाक मुठीत धरून गॅरेजला गेलो. गॅरेजवाला माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. म्हणाला, "आधी एक फेरी मारू. तुम्हीच चालवा."

दुसऱ्या चौकात तो म्हणाला, "तुम्ही दोनदा दाबता."

"काय?"

"ब्रेक. आधी एकदा, लगेच परत एकदा. सवय आहे का?"

मी हसलो. पुढच्या सिग्नलला मात्र स्वतःच्या पायाकडे लक्ष दिलं. दोनदा. खरंच दोनदा. एकाला लागून एक, इतकं पटकन की मला आयुष्यात कळलं नव्हतं. कारखान्यात एक जुना टेम्पो होता, त्याचा ब्रेक दुसऱ्या दाबाला लागायचा. लेथ सांभाळून, माल पोचवायला तो मी अकरा वर्षं चालवला. टेम्पो भंगारात गेला, पाय तसाच राहिला.

"मोकळ्या जागेत घ्या," तो म्हणाला. "हळू चालवा आणि एकदाच दाबा."

मी एकदाच दाबला. पेडल खाली गेलं आणि गाडी पुढे चालत राहिली. पायाने आपोआप दुसऱ्यांदा दाबला, तेव्हा कुठे ती थांबली.

गॅरेजमध्ये त्याने चाक काढलं आणि मला जवळ बोलावलं. "हा हवा काढायचा नट. हवा वर जाते, म्हणून हा वर असायला हवा. तुमचा खाली आहे. डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे. अशाने तुम्ही वर्षभर तेल काढलंत तरी वरची हवा तिथेच राहणार. बसवताना पाईप पिळावा लागला असेल ना?"

मी मान हलवली.

"गाडी दुसरं कुणी चालवतं?"

"बायको चालवायची. दोन वर्षांपूर्वी सोडली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि स्पॅनर शोधायला लागला.

घरी यायला मी लांबचा रस्ता घेतला. खोटं कशाला बोलू, न सांगण्याचाही विचार आला. ताई गेल्या, घर गेलं, आता उकरून काय उपयोग? ब्रेक दुरुस्त झालेच होते. तिला कळलंही नसतं.

ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. चिकटपट्ट्या, कागद, नट, टेम्पो. तिच्या हातात माझाच शर्ट होता. तिने त्याची घडी केली, मोडली, परत केली.

"म्हणजे मी ब्रेकच दाबला होता."

"हो."

"मलाच खात्री नव्हती राहिली हो," ती म्हणाली. "इतक्यांदा आठवून बघितलं. शेवटी वाटायला लागलं, असेल बाई पाय दुसरीकडे."

ती रडली असती, चिडली असती तर बरं झालं असतं.

"ताईला सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

फोन ताईंनीच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"अहो, मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "मी शेजारीच बसले होते ना. तिचा पाय मला दिसत होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की. तुम्ही मोठ्याने बोलत होतात."

फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पुढचे तीन गुरुवार मी किल्ली तिच्यासमोर ठेवत होतो आणि ती उचलून खिळ्याला अडकवत होती. चौथ्या गुरुवारी काय वाटलं कोण जाणे, तिने किल्ली हातात घेतली, चपला घातल्या आणि स्वतः खाली गेली. मी मुकाट्याने शेजारी बसलो. तिने सीट पुढे घेतली, आरसा वाकवला, गाडी गल्लीतून बाहेर काढली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

पहिल्या सिग्नलला तिने ब्रेक दाबला, आणि लगेच परत दाबला. गाडीने दोन आचके दिले. आता ब्रेक चांगले होते, एकदाच दाबणं पुरत होतं. मागच्याने हॉर्न वाजवला.

"अगं, दोनदा का दाबतेस?"

"तुम्ही तसंच दाबता ना," ती म्हणाली. "दोन वर्षं शेजारी बसून बघतेय. म्हटलं, बरोबर तसंच असणार."

"नाही गं. तुझंच बरोबर होतं. एकदाच दाब."

तिने मान हलवली. तळ्याकडच्या वळणावर तिने ब्रेक दाबला, मग परत एकदा दाबला.