परत करायचं कापड

सकाळपासून शिंप्याच्या मशीनचा दोरा सारखा तुटत होता. दोऱ्याचा काही दोष नव्हता, मन थाऱ्यावर नव्हतं.

"नर्सबाईंच्या कापडाची पिशवी परत करून ये," मान वर न करता तो बायकोला म्हणाला. "वेळ नाही म्हणावं. आणि बोलत बसू नकोस."

शिंपीण काजं करत राहिली. काल गल्लीच्या बैठकीत घरमालकांच्या नातीच्या लग्नाचा विषय निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकट्या नर्सबाई उभ्या राहिल्या. "पोरगी अजून शाळेत जाते. हे लग्न होऊ देऊ नका," एवढंच म्हणाल्या. घरमालकांचा आवाजसुद्धा चढला नाही. "आजपासून यांच्याशी कोणी बोलायचं नाही," म्हणाले आणि चहा मागवला. शिंपीण तेव्हा खाली मान घालून बसली होती. भली माणसं अशीच बसतात हो, म्हणून तर असली लग्नं लागतात.

आज दूधवाला नर्सबाईंचं दार टाळून पुढे गेला. शेजारणीने त्यांना पाहून खिडकी लावून घेतली. शिंपिणीने हे दुकानातून पाहिलं होतं. दुकान घरमालकांचं, वरची राहती खोलीही त्यांचीच.

ती उठली. फळीवर दोन पिशव्या होत्या, एकीत नर्सबाईंचं पांढरं कापड, दुसरीत नवरीचं रेशमी. नवरीची मापं तिनेच घेतली होती. टेप गुंडाळताना पोरीने हसत विचारलं होतं, "काकू, थोडं सैल ठेवाल? मी अजून वाढतेय." तेव्हापासून त्या कापडाला कात्री लावायला तिचा हात धजत नव्हता.

तिने रेशमी कापडाची पिशवी उचलली.

"अगं, ती नव्हे."

"हीच परत करायची."

मशीन थांबलं. "वेड लागलंय का तुला? रस्त्यावर काढतील आपल्याला."

"काढतील." तिने पिशवी काखेत मारली. "मला फार भीती वाटतेय. तुम्ही येता का बरोबर?"

त्याने तुटलेला दोरा पुन्हा सुईत ओवायला घेतला.

ती एकटीच निघाली. घरमालक दारात खुर्ची टाकून बसले होते.

"झाले का कपडे?"

"आम्ही नाही शिवणार. पोरगी लहान आहे."

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

अजूनही 'काही नाही' म्हणून परत फिरता आलं असतं. तिने पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा सांगितलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. आता ऐकलंच नाही असं म्हणायची सोय कोणालाच राहिली नाही.