खाकी सदरा आणि निळं लुगडं

"आता ह्या वयात मला हवालदार करतीस व्हय गं?" बयाबाईनं खाकी सदरा चिमटीत धरून दिशासमोर हलवला.

दिशा म्हणजे लवळ्याच्या होस्टेलात राहून सरड्यांचा अभ्यास करणारी पोरगी. तिच्या मदतीला गावातून दोघीच निघालो, मी आणि धनगराची बयाबाई. काम सोपं होतं. वैशाखात पठारावर एक सरडा उंच दगडावर येऊन बसतो आणि गळ्याखालचा निळा पंखा उघडतो. तो नर. दिसला की दिशाला सांगायचं. फक्त कपडे मातीच्या रंगाचे हवेत, एवढी तिची अट.

"भडक लुगडं बघून तो बुजेल, आजी."

"मी ल्हान हुते तवा दगडागणिक एक बसायचा. मेंढरं अंगावर आली तरी हलत नव्हता. आन् आता लुगड्याला भितोय?"

"सरड्याची धाव कुंपणापातुर," मेंढरांमागून तिचा नवरा जोतिबा बोलला. "हितं समदं कुंपणच झालंया. जाईल कुटं?"

म्हातारं खोटं बोलत नव्हतं. अर्ध्या पठारावर प्लॉट पडलेत, तारा ओढल्यात. गेल्या साली तीन नर दिसले होते. यंदा आठवडा उन्हात भाजलो, एक नाही. आज शेवटचा दिवस.

"आज बी न्हाई दिसला तर?" बयाबाईनं विचारलं.

"इथं आढळला नाही, असं लिहावं लागेल."

"म्हंजी संपला म्हनून लिव्हनार."

बयाबाईनं रोजच्यासारखा लुगड्यावर सदरा चढवला.

दुपार झाली. दगड तव्यासारखे तापले. आम्ही तिघी करवंदीच्या जाळीआड डोळे ताणून बसलो, तेवढ्यात जोतिबानं हाक दिली. मेंढी व्याली होती, तीही ऐन उघड्यावर. बयाबाई धावली. कोकराला चटका बसू नये म्हणून तिनं अंगातला सदरा काढला, दगडावर अंथरला आणि कोकरू त्यावर ठेवलं. सरळ उभी राहिली ती निळ्याशार लुगड्यात, लांबून दिसावी अशी.

"आजी, हलू नका," दिशा कुजबुजली.

प्लॉटच्या चुना मारलेल्या दगडावर तो चढला होता. बयाबाईकडं तोंड करून त्यानं गळ्याचा पंखा उघडला. निळा, काळा, खाली नारंगी. मिटला, पुन्हा उघडला.

"ह्यो मला दम देतोय का काय?"

"त्याला वाटतंय, दुसरा नर आलाय त्याच्या जागेत," दिशा फोटो काढता काढता हसत होती. डोळेही पुसत होती.

"मला नर म्हंतोय मेला. आवं, ऐकताय का?"

जोतिबा कुठला ऐकतोय. कोकराची बातमी त्यानं आणली आणि त्याच्याकडं कुणी बघेना. "भाकरी सोडायची का सरडाच वाडायचा पानात?" त्यानं दोनदा विचारलं. मग गडी रुसून पलीकडच्या दगडावर जाऊन बसला, लाल पटका आवळून.

दिशानं मोबाईलवर नोंद केली. "एक नर."

"दोन लिव," बयाबाई म्हणाली. "त्यो बग पल्याडच्या दगडावर. गाल फुगवून बसलाय."