जोडाखालची ओळ

"कोण वाचतंय!" लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात हे दोन शब्द शाईपेक्षा जास्त खर्ची पडत. मजकूर फार झाला, जागा कमी पडली, की अक्षरं जुळवणारा जुळारी हेच म्हणायचा आणि तळच्या ओळी मुंगीएवढ्या करून मोकळा व्हायचा. माणूस कामाला वाघ होता. वीस वर्षांत त्याने लेबलावरचं फळ कधी वाकडं जाऊ दिलं नव्हतं. फळाखालच्या माहितीचं मात्र त्याला सोयरसुतक नव्हतं. आणि त्याला एकट्याला का नावं ठेवावीत? तुम्ही-आम्ही तरी डबा उलटा करून कधी बघतो!

आज मात्र तो किराणा दुकानातल्या थंड कपाटापुढे उभा होता आणि त्याला प्रत्येक अक्षर वाचायचं होतं. त्याची आठ वर्षांची मुलगी दोन महिने झिजत चालली होती. अखंड बडबडीमुळे घरात तिला टिटवी म्हणत. हल्ली ती पाणी मागायलासुद्धा तोंड उघडत नसे. गव्हातल्या ग्लुटेनने तिचं आतडं सुजतं, असं निदान झाल्यापासून घरातून ब्रेड गेला, बिस्किटं गेली, पिठाचा डबासुद्धा शेजारी गेला. तरी वजन उतरतच होतं. दुपारी डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधून काढा. सोमवारपर्यंत आणखी उतरलं, तर दाखल करावं लागेल."

"अहो, ती दुसरं खाते काय?" जिना उतरताना बायकोला रडू आवरेना. "फळाच्या योगर्टशिवाय घशाखाली काही उतरत नाही तिच्या. आणि आता तेही संपलंय. ग्लुटेन नसलेलंच आणा, नीट वाचून आणा. हात जोडते तुमच्यापुढे!"

"दह्यात कसला आलाय गहू!" तो म्हणाला खरा, पण चष्मा घेऊन निघाला.

कपाटात सहा तऱ्हेचे कप होते. एकावर नुसतंच 'घट्ट आणि मलईदार', दुसऱ्यावर चंदेरी कागदावर करडी अक्षरं. त्याने कप दिव्याखाली धरला, तिरका केला, चष्मा पुसला, पण एक शब्द लागेल तर शपथ. शेवटी त्याने कप मांडणाऱ्या कामगाराला विचारलं, "यात ग्लुटेन आहे का हो?"

"सगळं ताजं आहे साहेब! सकाळीच आलंय."

त्याने मुलीचा नेहमीचा, पिवळ्या फळाचा कप उचलला. दूध, साखर, फळाचा गर. गव्हाचं नाव नाही. हुश्श!

"गहू चालत नसेल तर तो घेऊ नका," शेजारून आवाज आला. हातात भिंग घेतलेल्या एक वयस्क बाई होत्या, बोलण्यावरूनच शिक्षिका वाटाव्यात अशा. "मलाही तेच दुखणं आहे, बारा वर्षं. हा कप खाऊन दोनदा अंथरूण धरलं मी."

"पण बाई, यादीत गहू नाही."

"तेच मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, सर्व माहिती लेबलावर छापलेली आहे. भिंगाने शोधली हो, नाही सापडली!"

छापलेली आहे. आणि लेबल तर त्याच्याच छापखान्यातलं होतं. लेबल कपाभोवती गुंडाळलं की त्याचं एक टोक दुसऱ्यावर चढतं आणि गोंदाने चिकटतं. त्या जोडाखाली बोटभर पट्टी झाकली जाते. ती कोरी सोडायची असते, हे छापखान्यातला शिकाऊसुद्धा जाणतो. त्याने जोडात नख घातलं आणि कागद सोलला.

'घट्टपणासाठी गव्हाचा स्टार्च.' मुंगीएवढी अक्षरं. त्याचीच.

त्याला सगळं आठवलं. कंपनीला फळ मोठं हवं होतं, ही एक ओळ बसत नव्हती. ती त्याने पट्टीत सरकवली होती. वर हसून तेच दोन शब्द म्हटले होते. आणि तोच कप तो रोज संध्याकाळी पोटच्या पोरीला चमच्याने भरवत होता! वा रे बाप!

"बाई, हे मी केलंय." तो तिथेच फरशीवर बसला. "माझी पोर हातची जायची वेळ आलीय, आणि हे मी केलंय. चुकून झालं हो..."

"चुकून?" बाईंनी आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. "जागा नव्हती तर फळ लहान करायचं. शंभरातले नव्व्याण्णव वाचत नाहीत, खरंय. ती ओळ त्यांच्यासाठी नसतेच! ती उरलेल्या एकासाठी असते. त्याच्या हातात तेवढंच असतं हो, दुसरं काही नसतं."

त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"रडायला अख्खा जन्म पडलाय. उठा! मुलीला हे साधं दही न्या. दूध आणि विरजण, बाकी काही नाही. ग्लुटेन नसल्याची खूण आहे बघा. गोडीला पिकलं फळ कुस्करा. आणि या बाकीच्या कपांचं काय?"

तो उठला तो थेट दुकानदारापुढे गेला. "हे सगळे कप काढा. यात गहू आहे."

"कंपनीचं पत्र आणा, मग बघू."

"पत्र येईल तेव्हा येईल. हे लेबल मी जुळवलंय, चूक माझी आहे!" त्याने सोललेला कप गल्ल्यावर ठेवला. दुकानदाराने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कामगाराला हाक मारून कप काढायला लावले.

तिथूनच त्याने छापखान्याच्या मालकाला फोन लावला. "तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही," मालक म्हणाले. "चालेल, पण कंपनीला आजच कळवा," तो म्हणाला. पन्नास हजार लेबलं गेली होती. त्यातली किती कुणाच्या घरात होती, कुठल्या पोराच्या वाटीत होती, कोण सांगणार? ती परत बोलावता येणार नव्हती.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने वाटीत दही काढलं, फळ कुस्करलं आणि वाटी त्याच्या हातात दिली.

टिटवीने तोंड फिरवलं. "बाबा, हे खाल्लं की पुन्हा दुखेल?"

'नाही' म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने दह्याचा डबा उचलला आणि वरपासून तळापर्यंत एकेक अक्षर तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"परत वाच ना," ती म्हणाली.

त्याने परत वाचलं. मग तिने तोंड उघडलं.

सोमवारी वजन चढलं नाही, पण उतरलंही नाही.

वाचकहो, लेबल असो, औषधाची चिठ्ठी असो, कचेरीतली सूचना असो, आपण जे लिहितो ते कुणीतरी जीव मुठीत धरून वाचत असतं. त्या एकासाठी स्पष्ट लिहा. त्याचं घर आपल्याला माहीत नसतं, आणि ते आपलंच निघू शकतं!