बत्तीस अक्षरं

मॉनिटरच्या कडेला ती छापील चिठ्ठी अजून चिकटलेली होती — ‘नाम ३२ अक्षर से ज्यादा न लिखें’ — आठ वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा कुणी पाहुणा आला, त्याचं लांबलचक नाव फाटकावरच्या प्रवेश-पासवर टाकताच यंत्र बंद पडलं, पुन्हा टाकलं, पुन्हा बंद पडलं... आणि यंत्रं सांभाळणाऱ्या सुगतनं काय केलं, तर चिठ्ठी लावून तो मोकळा झाला. कुणी लावली, हे ऑफिसात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

श्रावस्ती नावाच्या नव्या मुलीला रुजू होऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, का? आज सकाळच्या मीटिंगमध्ये तिनं करूनच दाखवलं. या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमनं नावासाठी बत्तीस अक्षरांची जागा ठेवली होती, पण आलेली अक्षरं मोजायची तसदी घेतली नव्हती; जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडायची, आणि त्यांत कुणी मुद्दाम हुकूम दडवले, तर यंत्र ते निमूट पाळायचं. म्हणजे फाटकावर नाव लिहिणाऱ्या कुणाच्याही हातात अख्खं ऑफिस! साहेब म्हणाले, “बेटा, कमाल कर दी.” सुगतनंही टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

त्याचा नुसता जळफळाट होत होता. हो, जळफळाटच, उगाच गोंडस नाव कशाला द्यायचं? वीस वर्षं मी या खोलीत काढली, दिल्लीच्या करोल बागेत वणवण करून जुने सुटे भाग आणले, आणि एवढी मोठी गोष्ट आपणहून दारात आली, तर मी नुसता चिठ्ठीला डिंक लावला... बरं, पोरगी आपल्याच नागपूरकडची, काका म्हणते, डब्यातली भाजी आधी मला वाढते. धड रागही धरता येईना.

दुपारी अहवाल लिहिता लिहिता ती थांबली.

“काका, ही चिठ्ठी कुणी लावली असेल? हे पहिल्यांदा त्यालाच दिसलं ना. त्याचं नाव माझ्या नावाच्या वर टाकते.”

नाव वर... आणि त्याच्याच खाली आठ वर्षांची हलगर्जी. पण खरं सांगायचं तर चौकशीची भीती त्याला नंतर सुचली. आधी सुचलं ते एवढंच — हिच्या हातून मोठेपणा नको.

“कल्पना नाही बुवा,” तो म्हणाला.

“अच्छा,” ती म्हणाली आणि पुढे टाइप करू लागली.

इतक्या सहज? तो तिच्याकडे बघत राहिला. सकाळपासून हिचं काहीतरी चुकावं असं वाटत होतं. आता वाटत होतं, हिनं फक्त एकदा मान वळवावी, जरा संशयानं बघावं... पण तो माणूस सुगतकाका असू शकेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.